आठवा बोल्ट

ग्रासच्या उतारावर ऑगस्टमध्ये
पहाटे तीनलाच चमेली खुडायला लागतात.
सातला टोपल्या आमच्या दारात,
दहाला फुलं काळवंडतात.
तेरासाँसाहेब हे मला दरवर्षी सांगतात,
जणू माझ्या आईच्या बोटांना
शेवटपर्यंत तोच वास नव्हता.

मी ओदिल. वीजवाली.
फुलांशी माझा संबंध दिव्यापुरता.

फुलं इथे हेक्झेनमध्ये भिजतात.
त्याची वाफ जड. पाय न वाजवता जिना उतरते,
पंपाच्या खड्ड्यात, गटाराच्या जाळीखाली
मांजरासारखी अंग मुडपून बसते.
वर सगळीकडे चमेली,
तेव्हा नाकावर विसंबायचं नाही.
मापकावर शून्य आलं, मगच पेटी उघडायची.

साहेबांनी कॅटलॉग आणलं होतं:
पितळी कड्यांचे, काचेचे गोल दिवे,
पाहुण्यांच्या फोटोत बरे दिसतील म्हणून.
मी म्हटलं, पाटी कुठाय?
कसली पाटी?
हा कुठल्या वायूत टिकेल,
तापून तापून किती तापेल, ते सांगणारी.
दोनशे अंशांच्या थोडं पुढे
ही वाफ ठिणगीची वाट बघत नाही,
गरम काचेला नुसती टेकली तरी पुरे.
"पण पावसात चालतो म्हणे हा दिवा!"
चालेल की. तुमच्या व्हरांड्यात लावा.

मग माझे आले. करडे, बोजड,
एकेक अकरा किलोचा.
सोफियान खांद्यावर घेऊन शिडी चढला
आणि वरून विचारलं,
म्हणजे यात ठिणगी पडतच नाही?

पडते रे.
वाफही शिरेल कधीतरी. आत भडकाही उडेल.
घडवणाऱ्याने हे मान्य करूनच सुरुवात केली.
ही कड बघ, आणि ही.
मधून केस जेमतेम जाईल.
आग या फटीतून निघते
आणि थंड धातूला घासत घासत
बाहेर पोचते तोवर
तिचा ऊन श्वास तेवढा उरतो.
म्हणून इथे रंग नाही, ओरखडा नाही.
केबलची ग्लँड तिच्या अंगाबेताची, ढगळ नको.
त्यानं खिशातून चिकटपट्टी काढली.
मी नुसतं बघितलं.
परत ठेवली.

आठ दिवे. शेवटचा पहाटे सव्वापाचला.
सात बोल्ट बसले. आठवा त्याच्या बोटांतून निसटला,
जाळीवर एकदा वाजला,
मग वाजला नाही.
खाली रिकाम्या टोपल्यांची चळत.
शोधलं. टोपल्या तर शेताकडे निघायला हव्या होत्या.

"सात घट्ट आहेत," तो म्हणाला.
"फट दिसतेय का कुठे?"
दिसत नव्हती. मलाही.
आगीला दिसली असती.

सातला फुलं आली. नीसहून बोल्ट यायला दोन तास.
तसाच, त्याच ताकदीचा हवा.
सगळी रांग एकाच स्विचवर,
स्विचला माझं कुलूप, कुलपावर माझं नाव,
आणि त्या दालनाला खिडकी नाही.
"काळी पडताहेत, ओदिल."
पडताहेत, म्हटलं.
किल्ली खिशात इतकी घट्ट धरली होती
की तिचे दात तळव्यावर उमटले.
खुडणाऱ्या बायका पायऱ्यांवर बसून राहिल्या.
झौरानं पाव पुढे केला, ऑलिव्ह दिले,
विचारलं काहीच नाही.

नऊ वीसला बोल्ट आला.
पाना टक्कन बोलला.
मी कुलूप काढलं. दिवे लागले,
पांढरे, अगदी साधे.
कुणी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

तीस किलो फुलं फेकावी लागली.
पगारातून कापली नाहीत,
पण वहीत माझ्या नावासमोर लिहिली आहेत.

चौथ्या दिवशी झौराला शेतात
टोपलीच्या तळाशी हरवलेला बोल्ट सापडला,
पाकळ्यांत लडबडलेला.
सोफियान तो किल्ल्यांच्या जुडग्यात घालून फिरतो.
अजून चमेलीचा वास येतो म्हणतो.
मी हुंगून पाहिला.
लोखंडाचा येतो.